'ताई' आधीपासून आहे

कॉम्प्युटरला हात लावण्याआधी मी गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारते, "यातलं काय गेलं तर तुम्ही रडाल?" लोक आधी हसतात, मग विचारात पडतात. कुणी लग्नाचे फोटो म्हणतं, कुणी अर्धवट लिहिलेला प्रबंध. एका निवृत्त मास्तरांनी तर बुद्धिबळाचे डाव सांगितले होते. जे सांगतील ते मी कागदावर क्रमाने लिहून घेते, त्याच क्रमाने दुसरीकडे उतरवते आणि मगच दुरुस्तीला बसते. चौदा वर्षं घरोघरी जाऊन हेच करतेय. तोवर माझ्या हातून कुणाची एक फाइल गेलेली नव्हती. फुशारकी मारत नाहीये, पुढचं ऐकताना एवढं ध्यानात असू द्या.

त्या घरी मी मंगळवारी सकाळी साडेदहाला पोचले. तिसरा मजला, लिफ्ट बंद, दोन्ही हातांत पिशव्या. दार उघडलं ते पन्नाशीच्या एका बाईने. केस अर्धेच विंचरलेले, कंगवा हातात तसाच. तिने माझ्या खांद्यावरून मागे जिन्यात पाहिलं.

"ते दुरुस्तीवाले?"

"मीच ती."

"अय्या! फोनवर मला वाटलं, तुम्ही नुसती नावं लिहून घेता."

हे मला आठवड्यातून तीनदा ऐकावं लागतं, त्यामुळे मी उत्तर देत नाही. मी आत आले. तिने आतल्या खोलीकडे तोंड करून हाक दिली, "आई, कॉम्प्युटरवाल्या ताई आल्यात गं."

आतून एक कापरा आवाज आला. "ताई आली?"

ती मुलगी जागच्या जागी थांबली. पन्नाशीची असली तरी त्या घरातली मुलगीच, म्हणून मुलगी म्हणते. तिने कंगवा छातीशी धरला आणि कान देऊन उभी राहिली. आतून पुढे काही आलं नाही.

"ताई मलाच म्हणतात घरात," ती हळूच म्हणाली. "धाकटा भाऊ म्हणायचा, मग आईपण तेच म्हणायला लागली. चार दिवस झाले, तिच्या तोंडून तो शब्द आला नव्हता. मला वाटलं, मलाच हाक मारली."

आतली खोली लांबट होती. एका टोकाला खिडकी, खिडकीखाली कॉम्प्युटरचं टेबल, त्याला लागून वेताची खुर्ची. खुर्चीत दोन उशांच्या मधे म्हातारी बसली होती. केस बारीक कापलेले, डोळे स्वच्छ, हात मांडीवर. खोलीत जिकडेतिकडे कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. हे कपाट. हा दिवा, इथे दाबायचं. ही खिडकी, उघडायची नाही. अक्षर गोल, शाळकरी वळणाचं. म्हातारीने माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. पाहुण्यांकडे बघून डोलावतात तशीच.

मी कॉम्प्युटर चालू केला. अर्धा चालू होऊन बंद पडला, आपोआप पुन्हा चालू झाला, पुन्हा बंद. कान लावला तर आतून आवाज येत होता. टक्. मग शांतता. मग टक्, टक्. हार्ड डिस्क शेवटचे श्वास मोजते तेव्हा असा आवाज येतो. काही डिस्का असा आवाज करत महिना काढतात, काही तासाभरात मान टाकतात.

मी कागद काढला आणि माझा नेहमीचा प्रश्न विचारला.

ती हसली नाही. "आई," म्हणाली.

मला वाटलं तिने आईला हाक मारली. मग कळलं, ते उत्तर होतं.

म्हातारी टेलिफोन ऑपरेटर होती. एकतीस वर्षं कानाला यंत्र लावून बसलेली बाई, माणूस ओळखायची तो आवाजावरून. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं की विसरण्याचा आजार आहे आणि तो वाढत जाणार. त्या दिवशी घरी येऊन ती म्हणाली, "डोकं जायचंय तर आत्ताच सगळं सांगून ठेवते. पुढे मी तुझं ऐकणार नाही, स्वतःचं ऐकेन." मग मायक्रोफोन लावून तिने एक्केचाळीस रेकॉर्डिंगं केली. ही ताई, ती अशी दिसते, तिला हे आवडतं, ती लहानपणी अशी होती. तेव्हापासून रोज सकाळी दहाला मुलगी त्यातली दोन-तीन लावायची. म्हातारी स्वतःचा आवाज ऐकायची, मान हलवायची आणि मग दिवसभर मुलगी तिची ताई असायची. रात्री पुसलं जायचं, सकाळी पुन्हा लावायचं.

"चार दिवस लागलं नाही," मुलगी म्हणाली. "काल मला म्हणाली, बाई, तुम्ही फार करता हो माझं. घरी तुमची माणसं वाट बघत असतील. जा आता." तिने नाक पुसलं. "मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबला."

"कॉपी काढून ठेवली नव्हती कुठे?"

"काढायची काढायची म्हणत राहूनच गेलं."

माझं डोकंच फिरलं. "सगळे हेच म्हणतात. डिस्क टक टक करायला लागली की मग आम्ही आठवतो. बाई, आईला औषध देताना विसरता का? मग हे कसं विसरलात?"

लागेल असं बोलू नये हे मला कळतं, पण माझी जीभ तशीच आहे. ती अपराध्यासारखी चिठ्ठीचा एक सुटलेला कोपरा भिंतीवर दाबत राहिली.

मी डिस्क काढली आणि केबलने माझ्या लॅपटॉपला जोडली. नवी कोरी डिस्क आणली होती. तिचं प्लास्टिक मी नेहमी गिऱ्हाइकासमोर फाडते, नंतर कटकट नको. लॅपटॉप मी मराठीत ठेवलाय, तोही त्याचसाठी. काय चाललंय ते समोरच्याला वाचता आलं पाहिजे. भाषांतर कुठल्या महाभागाने केलंय देव जाणे. एका फाइलच्या जागी दुसरी ठेवायची असेल तर बटणावर 'बदला' येतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यंत्र माझ्यावर कसला तरी सूड उगवणार आहे. हा माझा ठरलेला विनोद. त्या दिवशीही केला, ती कशीबशी हसली.

जुन्या डिस्कवर फोल्डर दिसलं. नाव 'ताई'. आत एक्केचाळीस फाइली. मी ते उचलून नव्या डिस्कवर टाकलं.

स्क्रीनवर चौकोन आला.

'ताई' इथे आधीपासून आहे.

मी नवी डिस्क उघडून पाहिली. रिकामी. लपलेल्या फाइली दिसतील असं करून पाहिलं. रिकामी. केबल काढून दुसऱ्या जागी लावली, लॅपटॉप बंद करून चालू केला, नवी डिस्क फॉर्मॅट करून घेतली. पुन्हा फोल्डर टाकलं.

'ताई' इथे आधीपासून आहे. बदला. वगळा. दोन्ही ठेवा.

"काय झालं?" मुलगी माझ्या मागे येऊन उभी होती.

"काही नाही. जुनं काहीतरी त्याच्या डोक्यात राहिलंय." असं होतं कधी कधी. निदान मी गिऱ्हाइकांना तसं सांगते.

"मग दोन्ही ठेवा म्हणा ना."

"ते मी कधीच करत नाही. मग तुम्ही आठ दिवसांनी फोन करता, दोन-दोन दिसतायत, खरं कुठलं? असलेलं काहीच नाही, तर दुसरं ठेवायचं कशाला?"

"तरी पण. राहू दे ना दोन्ही. काय बिघडतं?"

टक्, टक्, टक्. आवाज वाढला होता. आणि माझ्या कामात कुणी लुडबुड केलेली मला खपत नाही. मी 'बदला' दाबलं. खाली 'पुढे सगळ्यांना हेच करा' असा छोटा चौकोन असतो, त्यावरही सवयीने खूण केली.

हिरवी पट्टी सरकायला लागली. एक, दोन, तीन. चाळीसपर्यंत गेली आणि एक्केचाळिसावीला अडकली. मी म्हटलं, आलेल्या तरी धड आल्यात का बघू. पहिली उघडली, आवाज मोठा केला.

खुर्चीतल्या बाईचा आवाज, पण चार वर्षांपूर्वीचा. ठणठणीत, प्रत्येक शब्द वेगळा.

"मी बोलतेय. नीट ऐक. ही ताई. हिच्या डाव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं आहे. सहा वर्षांची असताना दारात सापडलं. दार मीच ओढलं होतं. रात्रभर मी तिचा हात पाण्यात धरून बसले. ते नख बघ, म्हणजे ओळखशील."

म्हातारीने मान हलवली.

"हे असं नाहीये," मुलगी म्हणाली. "पहिलीत हनुवटीचं आहे. मी पायरीवरून पडले होते, इथे टाके आहेत." तिने हनुवटी वर करून दाखवली. पांढरी बारीक रेघ होती. "नखाचं काही नाहीच त्यात."

मी लॅपटॉपवरचा डावा हात उचलून मांडीखाली घेतला.

नख माझं दुभंगलेलं आहे. सहा वर्षांची होते. दार माझ्या आईने ओढलं होतं, तेवढं खरं. पण माझी आई मला म्हणाली होती, "बघून चालता येत नाही?" आणि मोठ्या भावाला वाढायला गेली होती. पाणीबिणी काही नाही. मी फ्रॉकला हात पुसत जिन्यात बसले होते. हे मी जन्मात कुणाला सांगितलेलं नाही.

"दुसरी लावा," मुलगी म्हणाली.

मी दुसरी लावली.

"ताईला वस्तू उघडून बघायचं वेड. एकदा गजराचं घड्याळ उघडून बसली. मी रागावले नाही. तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि स्क्रू मोजायला मदत केली. सात होते."

सातच होते. घरी मला त्या घड्याळापायी संध्याकाळपर्यंत दाराबाहेर उभं केलं होतं. मी ते सात स्क्रू मुठीत धरून उभी होते. मूठ उघडली तेव्हा तळव्यावर सात वळ होते. मोजणारं दुसरं कुणी नव्हतं.

मी स्वतःला म्हटलं, घड्याळं पुष्कळ मुलं उघडतात, नखंही पुष्कळांची फाटतात. दोन गोष्टी जुळल्या म्हणून हुरळून जायचं नाही. पण मी घाबरले होते, आणि खरं सांगायचं तर ती नुसती भीती नव्हती. त्या आवाजात "मी रागावले नाही" हे शब्द ऐकले आणि माझे डोळे भरून आले. चव्वेचाळीस वर्षांची घोडी मी, परक्याच्या घरात स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन रडायच्या बेतात.

"घड्याळ कुठलं? आमच्याकडे असलं काही झालेलंच नाही," मुलीचा आवाज चढला. "तुम्ही दुसऱ्या कुणाचं लावलंय का? कुणाच्या तरी फाइली मिसळल्या असतील."

"आवाज तुमच्या आईचाच आहे ना?"

तिने खुर्चीकडे पाहिलं. आवाज तिच्या आईचाच होता.

तेवढ्यात म्हातारी बोलली. "ताई, किती वेळ अशी वाकून बसलीस? पाठ धरेल. इकडे ये."

मुलगी धावलीच. खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसली, आईचे दोन्ही हात धरले. "आले, आई. ही बघ आले. ओळखलंस ना गं?"

म्हातारीने हात सोडवून घेतले, अगदी सभ्यपणे. "तुम्ही नाही हो, बाई. मी ताईला म्हणतेय."

आणि तिने माझ्याकडे बोट केलं.

माझी पुढची पंधरा मिनिटं बारा-तेरा रेकॉर्डिंगं लावण्यात गेली. एकातही हनुवटी नव्हती. माझं शाळेतलं बक्षीस होतं, जे घ्यायला माझ्या घरून कुणी आलं नव्हतं. या आवाजात ती पहिल्या रांगेत बसली होती. माझा गोवर होता. माझं मोडलेलं लग्न होतं, आणि त्यावर ती म्हणत होती, "बरं झालं सुटलीस. घर तुझंच आहे, कधीही ये." माझ्या आईला जाऊन अकरा वर्षं झाली. शेवटच्या दिवशी मी तिच्या उशाशी होते. तिने डोळे उघडून मला पाहिलं आणि विचारलं, "तूच होय? दादा कुठाय?" तेच तिचं शेवटचं.

मुलगी प्रत्येक रेकॉर्डिंगनंतर फक्त "नाही" म्हणत होती. आधी मोठ्याने, मग हळू.

टेबलावरचा तिचा फोन वाजला.

"धाकटा!" तिने तो झडप घालून उचलला. "मंगळवारी बाराला करतोच. थांबा आता, तोच सांगेल." तिने मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. "अरे, मी बोलतेय."

"हां बाई, बोला. आई कशी आहे? जेवली?"

"बाई काय? ताई बोलतेय मी!"

पलीकडे माणूस हसला, पण जरा अवघडून. "काय थट्टा करताय, बाई. ताई आलीये ना? तिच्याकडे द्या जरा."

"अरे, पायरी आठव. तू मला ढकललं होतंस. चार टाके पडले. तू पलंगाखाली लपला होतास, आठव ना!"

"बाई, तुम्हाला बरं नाहीये का? ताईला द्या, प्लीज."

तिने फोन टेबलावर ठेवला. ठेवला म्हणजे तिच्या हातातून सुटला.

तो "हॅलो, हॅलो" करत राहिला. कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं. मी फोन घेतला.

"हॅलो," मी म्हटलं.

"ताई! अगं, काय झालंय बाईंना? तू ठीक आहेस ना? आवाज बसल्यासारखा येतोय."

"नाही," मी म्हटलं. "ठीक आहे सगळं. नंतर बोलू."

एवढंच बोलले. यातला एक शब्द खोटा नव्हता.

फोन बंद झाल्यावर मुलगी उठली. तिचा चेहरा ओल्या कागदासारखा झाला होता. पण डोकं चालत होतं तिचं, ते कबूल केलं पाहिजे. म्हणाली, "जुन्या डिस्कवर अजून असतील ना? खऱ्या?"

असायला हव्या होत्या. कॉपी केल्याने मूळ फाइली कुठे जात नाहीत. मी जुनी डिस्क पुन्हा जोडली. चाळीस फाइलींची नावं दिसली, उघडेना एकही. प्रत्येकीवर तोच संदेश, वाचता येत नाही. एकच उघडण्याजोगी होती, मघाशी अडकलेली एक्केचाळिसावी. नाव 'आई आणि ताई'.

"ती घ्या," मुलगी माझा दंड पकडून म्हणाली. "नाव आकड्याचं नाही म्हणून शेवटी दिसते, पण ती सगळ्यात आधीची. आईने मशीन तपासायला केली होती. त्यात ती विचारते आणि मी उत्तरं देते. माझा आवाज आहे त्यात. तो ऐकला की ती ओळखेल मला. तेवढी एक घ्या हो. बाकीच्या गेल्या तरी चालतील."

टक्, टक्, टक्, टक्.

"बसा तिकडे," मी म्हटलं. "डोक्यावर उभ्या राहू नका."

ती जाऊन आईच्या पायाशी बसली. स्क्रीन तिला दिसत नव्हता. म्हातारीने हात लांब केला आणि माझ्या पाठीवर ठेवला. हात हलका होता, उबदार होता. मानेखाली जिथे दिवसभर वाकून दुखतं, नेमका तिथे तिने अंगठा फिरवला.

"दमलीस गं," ती म्हणाली.

मला असं कुणी कधी म्हटलेलं नाही.

मी फाइल उचलून टाकली. चौकोन आला.

'आई आणि ताई' इथे आधीपासून आहे.

बदला. वगळा. दोन्ही ठेवा.

"विचारतंय का काही?" मुलगी तिथून म्हणाली. "या वेळी दोन्ही ठेवा. तुमची राहू दे, मी काही म्हणत नाही. पण माझीपण राहू दे. ऐकताय ना? दोन्ही ठेवा."

मला ऐकू येत होतं.

अंगठा पाठीवर फिरत होता.

दोन्ही ठेवलं असतं तर कदाचित रोज सकाळी दोन ताया झाल्या असत्या. म्हातारी गोंधळली असती. तिच्या भल्याचंच बघायचं, असं मी स्वतःला सांगितलं. तेव्हा सांगितलं की नंतर, ते मला नक्की आठवत नाही.

मी 'वगळा' दाबलं.

आवाज थांबला. टक् नाही, गरगर नाही.

"गेली," मी म्हटलं. "डिस्क गेली."

ती माझ्याकडे बघत राहिली. "प्रयत्न केलात ना तुम्ही?"

"केला."

"नाही, तुम्ही केलाच असेल," ती म्हणाली, आणि माझं समाधान करावं तशी तिने मान हलवली.

मी नवी डिस्क बसवली, सगळं नीट जोडलं, धूळ पुसली. कॉम्प्युटर पहिल्या झटक्यात चालू झाला. काम मी नेहमीच स्वच्छ करते.

पहिल्या आठवड्यात तिने मला अकरा फोन केले. रडली, भांडली, जुने फोटो घेऊन माझ्या दारात आली. एका फोटोत पायऱ्यांवर एक मुलगी होती, पण तिने मान वळवलेली होती. मी म्हटलं, यावरून कसं सांगणार? दुसऱ्या आठवड्यात फोन दोनच आले. तिसऱ्यात तिने विचारलं, "तुम्ही येता का? आई तुमची वाट बघते, जेवत नाही." मी गेले. न जाऊन कसं चाललं असतं?

आता मी रोज सकाळी दहाला जाते. रेकॉर्डिंगं लावते, आई ऐकते, मान हलवते, मग मी दुसऱ्या कामांना निघते. धाकटा दर मंगळवारी फोन करतो, आम्ही छान बोलतो. बाई आईचं सगळं मनापासून करतात, त्याबद्दल तक्रारीला जागा नाही. सुरुवातीला त्या बोलता बोलता हनुवटीला हात लावायच्या. हल्ली लावत नाहीत. मागच्या महिन्यात मधल्या खोलीच्या दारावर नवी चिठ्ठी दिसली, 'ही बाईंची खोली'. अक्षर गोल, शाळकरी वळणाचं. कुणी लावायला सांगितली, असं मी विचारलं नाही.

काल मी निघाले तेव्हा बाई दारापर्यंत आल्या. हातात धुतलेली, अर्धवट पिळलेली चादर होती.

"ताई, एक विचारू? रविवारी सुट्टी मिळेल का? माझ्या आईला भेटून बरेच दिवस झालेत."

मी चपला घालत होते. मला विचारायला नको होतं, पण विचारलं. "कुठे असते तुमची आई?"

त्यांनी तोंड उघडलं. चादरीतून पाणी ठिबकत होतं, ते त्यांच्या पायांवर पडत राहिलं. मग त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि ओशाळल्यासारख्या हसल्या.

"आठवलं की सांगते, ताई," त्या म्हणाल्या, आणि चादर वाळत घालायला गॅलरीत गेल्या.